घराण्यातल्या डोळ्याकानांची वंशावळ: पहिल्यांदाच मांडणाऱ्यांसाठी

"आमच्याकडे सगळ्यांनाच साठीनंतर कमी ऐकू येतं", "काचबिंदू आमच्या रक्तातच आहे" अशी वाक्यं बहुतेक घरांत कुणी ना कुणी बोलतं. त्यातलं खरं किती, हे क्वचितच तपासलं जातं. सगळ्यांना म्हणजे नेमकं कुणाकुणाला? साठीनंतर म्हणजे एकसष्टाव्या वर्षी की ऐंशीच्या पुढे? कान गेले ते वयाने, की तीस वर्षं गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या गोंगाटात, काढल्याने? ही उत्तरं एका कागदावर नीट मांडली तर घरातल्या कुणी, कधी, कोणती तपासणी करून घ्यायची हे ठरवता येतं. त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही. थोडी चिकाटी, जुन्या फायली आणि बोलक्या नातेवाईकांची मर्जी एवढं पुरतं.

आधी वय, मग आजार

या कामाचा एकच पक्का नियम आहे. 'काय झालं' याच्या शेजारी 'कितव्या वर्षी' हे लिहायचंच. वय नसलेली नोंद जवळपास निरुपयोगी असते. आजोबांना मोतीबिंदू होता, यातून काहीच कळत नाही, कारण पुरेसं जगलेल्या बहुतेकांना तो होतो. आजोबांना अडतिसाव्या वर्षी मोतीबिंदू झाला, असं म्हटलं की डोळ्यांचे डॉक्टर पुढचे चार प्रश्न विचारतात.

मोठमोठ्या संशोधनांचा पायाही हाच आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात बीव्हर डॅम नावाचं छोटं शहर आहे. तिथे १९८८ ते १९९० या काळात ४३ ते ८४ वयाच्या ४,९२६ रहिवाशांचे डोळे तपासले गेले. १९९३ पासून त्याच मंडळींच्या कानांची तपासणी सुरू झाली. पुढे २००५ ते २००८ मध्ये त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलामुलींना बोलावलं, तेव्हा तीन हजारांहून जास्त जण आले. आईवडिलांचे कान ज्या पद्धतीने तपासले होते त्याच पद्धतीने मुलांचेही तपासले. निष्कर्ष असा निघाला की सारख्याच वयाला नंतरच्या पिढीचे कान आधीच्या पिढीपेक्षा बरे आहेत. जन्मसाल पाच वर्षांनी पुढे सरकलं की श्रवणदोषाची शक्यता पुरुषांमध्ये सुमारे १३ टक्क्यांनी आणि बायकांमध्ये सुमारे ६ टक्क्यांनी घटत होती. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची वयाबरोबर होणारी झीज, म्हणजे मॅक्युलर डिजनरेशन, तीही पिढीगणिक कमी होत गेलेली दिसली.

एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. बदलतं ते जगणं: कामाच्या जागचा आवाज, सिगारेट, लहानपणचे संसर्ग, औषधं, जेवणखाण. दुसरीकडे, अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅमच्या कुटुंबांवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणाच्या एका नेहमीच्या प्रकारात माणसामाणसांतल्या फरकाचा ३५ ते ५५ टक्के वाटा अनुवंशाचा आहे, आणि हे साम्य आई-मुलगी व बहिणी-बहिणींत जास्त ठळक आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून आपल्या घरची नोंद करताना रक्त आणि राहणी दोन्ही लिहायची, आणि तुलना नेहमी सारख्या वयाची करायची. साठीच्या वडिलांशी साठीचा मुलगा. ऐंशीच्या वडिलांशी पन्नाशीचा मुलगा ताडून "माझे कान बाबांपेक्षा बरे आहेत" असं म्हणण्याला अर्थ नाही.

आकृती काढायची कशी

मोठा कागद घ्या, पेन्सिलने काढा. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. नवराबायकोंना आडव्या रेघेने जोडायचं, मुलं त्या रेघेखाली थोरल्यापासून धाकट्यापर्यंत डावीकडून उजवीकडे. नवराबायको मुळात नात्यातले असतील, म्हणजे मामेबहिणीशी लग्न झालेलं असेल, तर दुहेरी रेघ. ही दुहेरी रेघ विसरू नका. पुढे तिच्यावर बरंच अवलंबून असतं. ज्या व्यक्तीपासून शोध सुरू झाला तिला छोटा बाण. प्रत्येक चौकोन-वर्तुळाचे उभे दोन भाग करा: डावा कानांसाठी, उजवा डोळ्यांसाठी. त्रास असेल तो भाग रंगवा आणि खाली वय लिहा. जिथे माहिती नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. कोरी जागा सोडू नका, कारण सहा महिन्यांनी ती पाहून तुम्ही 'त्रास नव्हता' असं समजाल.

तीन पिढ्या पुरेशा आहेत: आजी-आजोबा, आईवडील व त्यांची भावंडं, आणि तुम्ही, तुमची सख्खी, चुलत, आते, मामे, मावस भावंडं. चौथी पिढी मिळाली तर उत्तमच, पण तिच्या मागे लागून हे काम रेंगाळू देऊ नये.

इथे आपल्याकडची एक अडचण येते. घरात कुलवृत्तांत असेल किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांतून नावं काढून आणली असतील, तर पुरुषांची साखळी आयती मिळते. पण तिथे मुली लग्न होऊन गेल्या की गेल्या. आजीचं माहेर, तिच्या बहिणी, त्यांची मुलं यांचा पत्ताच नसतो. डोळ्याकानांच्या नोंदीला तर हीच बाजू हवी. काही दोष फक्त आईकडून येतात, काही आईमार्फत मुलाला येतात. तेव्हा कुलवृत्तांत सुरुवातीला वापरा, आणि लगेच आईच्या मावश्या कोण, कुठल्या, हे विचारायला घ्या. माझ्या मते निम्म्याहून जास्त मेहनत इकडेच खर्च व्हायला हवी.

काय मोजायचं नाही

चाळिशी. जवळचं वाचायला चष्मा लागणं हे चाळिशी-पंचेचाळिशीनंतर जवळजवळ सगळ्यांनाच होतं, कारण डोळ्याच्या आतलं भिंग ताठर होतं. हा आजारही नाही आणि घराण्याचा वारसाही नाही. पासष्टीनंतरचा साधा मोतीबिंदूही नोंदवून ठेवा, पण रंगवू नका. पन्नाशीच्या आतला मात्र रंगवा. ऐंशीनंतर दोन्ही कानांनी सारखंच थोडं कमी ऐकू येणं हेही याच गटातलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या ६५ टक्क्यांहून जास्त माणसांना कमीअधिक श्रवणदोष असतो, त्यामुळे त्यात तुमच्या घराण्याचं वेगळेपण काही नाही.

विचारायचं कसं

"काकू, तुम्हाला कमी ऐकू येतं का?" याचं उत्तर ठरलेलं आहे: "छे, लोकच पुटपुटतात हल्ली." प्रश्न कानाडोळ्यांबद्दल विचारू नका, रोजच्या कामांबद्दल विचारा.

कानांसाठी: टीव्हीच्या आवाजावरून घरात भांडण कधी सुरू झालं? फोन कोणत्या कानाला लावता, आणि तो कान कधी बदलला का? नातवंडांचं बोलणं कळतं की मुलाचंच कळतं? वयाने कान जाऊ लागले की आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे बायकांचा आणि मुलांचा आवाज, आणि शब्दांतले स, श, फ हे वर्ण निसटतात. साठ रुपये म्हटलं की आठ ऐकू येतं. ऐकू येतं पण कळत नाही, ही तक्रार याच प्रकारातली. लग्नाच्या हॉलमध्ये गप्पा मारायचं कधीपासून टाळायला लागले, हाही चांगला प्रश्न आहे. कानात शिट्टी किंवा गुणगुण, लहानपणी कान फुटून वाहणं, आणि एकाच कानाचा त्रास आहे की दोन्ही, हे वेगळं लिहा. एकाच कानाचा बहिरेपणा वयावर ढकलू नये.

डोळ्यांसाठी: सुईत दोरा ओवणं कधी सुटलं? तांदूळ निवडायचं काम सुनेकडे कधी गेलं? एसटीची पाटी लांबून वाचता यायची का? समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसायचं का? अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायला कधीपासून घाबरायला लागले, आणि ते म्हातारपणी की तरुणपणीच? बाजूने येणाऱ्या माणसाला धडकायचे का, पायरी चुकायची का? दाराची चौकट किंवा वहीतली रेघ वाकडी दिसते असं कधी म्हणाले का? यातले शेवटचे तीन प्रश्न मोतीबिंदूचे नाहीत. अंधारात न दिसणं पडद्याच्या काही आनुवंशिक आजारांकडे बोट दाखवतं, बाजूची नजर जाणं काचबिंदूकडे किंवा त्याच आजारांकडे, आणि सरळ रेघ वाकडी दिसणं पडद्याच्या मध्यभागाकडे.

उत्तरं ज्या शब्दांत मिळतील त्याच शब्दांत उतरवा. "फूल पडलं होतं", "वडस वाढला होता", "मोतीबिंदू पिकू दिला", "पडदा सरकला", "दडे बसायचे" हे शब्द डॉक्टरांना बरंच सांगतात. फूल पडणं म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग, तो बहुतेकदा जखम, संसर्ग किंवा लहानपणच्या कुपोषणातून येतो. तुम्ही स्वतःहून त्याचं 'मोतीबिंदू' केलंत तर पुरावाच गेला.

वयाचं काय? जुन्या माणसांना स्वतःचं जन्मसाल नक्की ठाऊक नसतं, आणि "बरीच वर्षं झाली" याचा अर्थ सहाही असू शकतो आणि तीसही. त्यासाठी खुणेच्या घटना वापरा. पुण्याकडच्यांसाठी पानशेतचं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१. सातारा-कोकणाकडे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. सगळ्या राज्यासाठी १९७२ चा दुष्काळ. गिरणगावात जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला संप. मराठवाड्यात किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. "भूकंपाच्या रात्री आवाज ऐकून उठलात की कुणी उठवलं?" या एका प्रश्नाने कधीकधी दहा प्रश्नांचं काम होतं. घरातली लग्नं आणि बारशीही खुणा म्हणून उत्तम, शिवाय त्यांच्या तारखा पत्रिकांवर छापलेल्या असतात.

एकाच व्यक्तीबद्दल दोघांना विचारा, तेही वेगवेगळं. मुलगा सांगतो ते आणि सून सांगते ते यांत पाच-सात वर्षांचा फरक पडतो. माझा कल सुनेच्या बाजूने असतो. दिवसभर ओरडून बोलावं लागलेलं तिच्याच लक्षात राहतं. तरी दोन्ही वयं लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा.

फोटो आणि फायली

लग्नाचे अल्बम बाहेर काढा. १९९० च्या दशकाआधी आपल्याकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत, विशेषतः शिबिरांमध्ये, आत कृत्रिम भिंग बसवायची पद्धत सार्वत्रिक नव्हती. ढगाळलेलं भिंग काढायचं आणि बाहेरून साधारण दहा नंबरचा जाड चष्मा द्यायचा. फोटोत आजोबांच्या चष्म्यामागे डोळे मोठे दिसत असतील, आणि तरुणपणच्या फोटोत चष्माच नसेल, तर मोतीबिंदू काढलेला असण्याची दाट शक्यता आहे. उलट जाड काचेमागे डोळे बारीक दिसत असतील तर लांबचं न दिसण्याचा मोठा उणे नंबर. फोटोचं साल कळलं की वयही कळतं. शर्टाच्या खिशात पेटी आणि कानापर्यंत वायर दिसली तर ते जुन्या पद्धतीचं कानाचं मशीन.

मग कागद. जुने चष्मे फेकले नसतील तर कुठलाही चष्मेवाला यंत्रावर त्यांचा नंबर काढून देतो. शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज कार्डावर तारीख आणि कोणता डोळा हे असतं, आणि बसवलेल्या भिंगाचं छोटं स्टिकर असेल तर ते जपून ठेवा. दृष्टीची नोंद ६/६, ६/१८, ६/६० अशी असते. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर या डोळ्याला सहा मीटरवरून दिसतं.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे ऑडिओग्राम, म्हणजे कानांच्या तपासणीचा आलेख. उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने दाखवतात. डावीकडे खालच्या पट्टीचे आवाज, २५० हर्ट्झपासून. उजवीकडे वरच्या पट्टीचे, ८,००० पर्यंत. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. दोन्ही कानांची रेघ उजवीकडे हळूहळू उतरत गेली असेल तर ते वयाचं नेहमीचं चित्र. ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडून ८,००० ला रेघ पुन्हा वर आली असेल तर आवाजाने झालेली इजा समजतात. काळ लोटला की वयाची उतरण त्या खड्ड्याला गिळून टाकते, म्हणून कमी वयात काढलेला ऑडिओग्राम मिळाला तर तो सोन्यासारखा.

जुने आणि नवे रिपोर्ट एकमेकांशेजारी ठेवताना सावध राहा. शेरा वाचू नका, आकडा वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये श्रवणदोषाची सुरुवात २० डेसिबलपासून धरायला घेतली, म्हणजे ऐकू यायला आवाज किमान इतका मोठा लागला की दोष. आधी ती २५ नंतर धरत. म्हणजे २०१५ चा 'नॉर्मल' आणि २०२२ चा 'सौम्य दोष' यांमागे एकच आकडा असू शकतो. डोळ्यांचंही तसंच. आपल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात अंधत्वाची मर्यादा पूर्वी ६/६० च्या खाली होती, ती २०१७ मध्ये ३/६० च्या खाली आणली. आजीच्या जुन्या प्रमाणपत्रावरचा 'अंध' हा शब्द आजच्या मोजमापात बसेलच असं नाही.

रक्ताआधी राहणीचा झाडा घ्या

नवखे लोक इथेच घाई करतात. आजोबा बहिरे, वडील बहिरे, काका बहिरे, म्हणजे आनुवंशिक. थांबा. तिघंही गिरणीत साचेवाले होते का? मागांच्या खात्यात आवाज ९० डेसिबलच्या वर असायचा, कानात बोळे घालायची पद्धत नव्हती, आणि मुलगा बापाच्या बदलीवर लागायचा. धंदा वारशाने आला, बहिरेपण धंद्यामागून. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीचे यंत्रमाग, लोहारकाम, दगडफोड, जहाजाची इंजिन खोली, तोफखान्यातली नोकरी, सगळ्यांना हाच प्रश्न लावा. त्या घरातल्या ज्या बायका कधीच त्या आवाजात गेल्या नाहीत त्यांचे कान कसे होते? त्यांचे चांगले असतील तर संशय धंद्यावर जातो. आजच्या पिढीसाठी ढोल-ताशा पथकं, डीजे आणि इयरफोन यांचा रकाना वेगळा ठेवा.

औषधं विचारा. क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं वर्षानुवर्षं दिली गेली, आणि त्याने कायमचा बहिरेपणा किंवा तोल जाणं होऊ शकतं. त्यात एक गुंतागुंत आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियामध्ये एक विशिष्ट बदल असलेल्या माणसांना अशी थोडी इंजेक्शनंही बाधतात, आणि हा बदल आईकडूनच मुलांना मिळतो. "इंजेक्शनं झाली आणि ऐकू येईना" असं आजी, मावशी, मामा असं एकाच बाजूला दोघा-तिघांबद्दल ऐकलंत तर ती ओळ लाल पेन्सिलने अधोरेखित करा. घरातल्या कुणाला पुढे त्याच गटातलं जेंटामायसिन किंवा ॲमिकासिन द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगण्यासारखी ही माहिती आहे.

डोळ्यांकडे वळा. १९७५ पूर्वी जन्मलेल्यांत देवीच्या रोगाने गेलेले डोळे असतात. भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण त्या वर्षी सापडला. खुपऱ्यांनी (ट्रॅकोमाने) बुबुळं खराब झालेली माणसं आधीच्या पिढ्यांत होती. भारत त्या आजारातून सार्वजनिक प्रश्न म्हणून मुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. गोवर आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता यांनी लहानपणीच नजर गेलेल्यांना वेगळं काढा. चुलीचा धूर, विडी-सिगारेट, उन्हातली कामं यांचा मोतीबिंदूशी संबंध लावला जातो, तेही लिहा. दमा, सांधेदुखी किंवा त्वचेसाठी वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइडं लवकरच्या मोतीबिंदूला आणि काचबिंदूला कारण ठरतात. गावच्या दवाखान्यातून मिळालेले डोळ्यांचे थेंबही यात धरा.

आणि मधुमेह. घरात चार जणांची नजर पडद्याच्या रक्तस्रावाने गेली असेल तर घराण्यात चालत आलेली गोष्ट बहुधा साखर आहे, डोळा नाही. प्रत्येकाच्या नावाखाली साखर कधी निघाली तेही लिहा.

आता आकृती वाचा

एवढं झाल्यावर जे उरतं ते पाहा. दर पिढीत कुणी ना कुणी, बायका-पुरुष दोन्ही, आणि त्रास असलेल्याच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना, तर दोष एका पालकाकडूनच थेट उतरत असावा. कानाच्या आतली छोटी हाडं जखडणारा ओटोस्क्लेरोसिस पुष्कळदा असा येतो. तो विशी ते चाळिशीत सुरू होतो, आणि त्यावर शस्त्रक्रिया आहे. 'घराण्याचंच आहे' म्हणून सोडून दिला तर नुकसान आपलंच. आईवडील दोघंही ठणठणीत आणि भावंडांपैकी एक-दोघांनाच त्रास, वर दुहेरी रेघ, तर दोघांकडून एकेक दडलेला दोष एकत्र आलेला असू शकतो. फक्त पुरुषांना, आणि मामाकडून भाच्याकडे जावा तसा, तर आईच्या एक्स गुणसूत्राचा विचार होतो. आजारी बाईच्या सगळ्या मुलांना आणि आजारी पुरुषाच्या एकाही मुलाला नाही, हा मायटोकाँड्रियाचा नमुना.

लहान कुटुंबांत यातलं काहीच स्पष्ट दिसत नाही, आणि त्यात गैर काही नाही. वयाबरोबर येणारे बहुतेक दोष अनेक जनुकं आणि राहणी यांच्या मिसळणीतून येतात. त्यांचा नमुना आकृतीत सरळ उमटत नसतो.

एक गोष्ट दिसली तर मात्र वाट पाहू नका. एकाच माणसाला कमी ऐकू येणं आणि रात्री न दिसणं, दोन्ही तरुणपणीच. हे म्हातारपणाचं नाही. अशर सिंड्रोमसारख्या आनुवंशिक आजारांत हे दोन्ही एकत्र असतं, आणि तपासणी लवकर व्हायला हवी.

हयात असलेल्यांची तपासणी

आकृतीचा खरा उपयोग इथे होतो. घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्यांची सख्खी भावंडं आणि मुलं यांनी चाळिशीपासून, त्रास नसतानाही, डोळ्याचा दाब, मागच्या नसेचं परीक्षण आणि नजरेच्या कक्षेची चाचणी करून घ्यावी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात काचबिंदू असलेल्यांच्या जवळच्या नातेवाईकांना आयुष्यभरात तो होण्याचा धोका सुमारे २२ टक्के निघाला, इतरांचा २.३ टक्के. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि जाताना दुखत नाही, म्हणून ही तपासणी सगळ्यांत वर. फक्त चष्म्याचा नंबर काढून घेतला म्हणजे ती झाली असं होत नाही.

कानांसाठी पन्नाशीला एकदा ऑडिओग्राम काढून ठेवावा, आवाजात काम करणाऱ्यांनी आणखी लवकर. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांतही सोय असते. आधी कानातला मळ काढून घ्या, नाहीतर मळाचाच ऑडिओग्राम निघेल. आज दोष निघाला नाही तरी कागद जपा; दहा वर्षांनी तुलनेला तोच लागेल. आणि मशीन सुचवलं तर टाळाटाळ करू नका. स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी चौदा कारणं लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडली, त्यांत श्रवणदोषही आहे आणि उपचार न केलेला दृष्टिदोषही.

जनुकीय चाचणी सगळ्यांना लागत नाही. त्रास लवकर सुरू झाला असेल, दोन-तीन जणांना असेल, किंवा डोळे-कान दोन्ही असतील, तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा आणि चाचणी कुणाची करायची हे त्यांना ठरवू द्या. बहुतेकदा ती आधी त्रास असलेल्या व्यक्तीची करतात, निरोगी मुलाची नव्हे. घरी थुंकी पाठवून मागवलेला चकचकीत अहवाल याला पर्याय नाही.

लग्नाळू घरात जपून

ही माहिती नाजूक आहे. ज्या घरात मुलीचं लग्न ठरायचं आहे तिथे मावशी तुम्हाला उभंही करणार नाही, आणि तिचं चुकतं असं मला वाटत नाही. प्रश्नावली घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, एकेकाला समक्ष भेटा. माहिती कशासाठी हवी, कोण पाहणार, हे आधी सांगा. नको म्हटलं तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जा. दुसऱ्याला दाखवायच्या प्रतीवर नावांऐवजी आकडे घाला, आकड्यांची यादी वेगळी ठेवा. कुणाच्या तपासणीत काही निघालं तर ते सगळ्यांना सांगायचं की नाही हे तिने किंवा त्यानेच ठरवायचं.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

आख्खी वही नेऊ नका. एका पानावर आकृती, आणि खाली चार-पाच ओळी: कुणाला काय, कितव्या वर्षी, एका बाजूला की दोन्ही, धंदा कोणता, साखर किंवा क्षय होता का, आणि माहिती कागदावरून आहे की ऐकीव. ऐकीव माहितीपुढे 'ऐ' लिहिलंत तरी चालेल. ऑडिओग्राम आणि डिस्चार्ज कार्डांच्या मूळ प्रती घरी ठेवा, झेरॉक्स न्या. पानाच्या कोपऱ्यात ते केव्हा तयार केलं ती तारीख घाला, आणि घरात कुणाचीही तपासणी झाली की त्याच आठवड्यात तो आकडा पानावर चढवा.